उशिराची वही

छबूबाई गाडेकर हिनं बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात वाण्याकडून मिठाचा खडासुद्धा उधार आणला नव्हता. घरात पैसे नसले तर त्या दिवशी अळणी खायचं, पण कुणाच्या वहीत नाव लावून घ्यायचं नाही, ही सवय तिला नवऱ्यानं लावली होती. सहादेव भिंगारच्या छावणीत साहेबांच्या मेसमध्ये स्वयंपाकी होता. बाजारात गेला की आधी पैसे ओट्यावर ठेवायचा आणि मग माल मागायचा. वाणी चिडवायचा, "गाडेकर, मी काही दुकान घेऊन पळून जात नाही." सहादेव म्हणायचा, "तुमी न्हाई, शेठ. पन माझा काय भरवसा?"

ती बेलापूरची, तो राहात्याचा. लग्न झालं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. पुढची सव्वीस वर्षं दोघांनी छावणीच्या कडेला असलेल्या नोकरांच्या चाळीतल्या एका खोलीत काढली. मूल झालं नाही. झालं असतं कदाचित, पण १९६३ साली छबूबाईच्या पोटात गाठ निघाली आणि नगरला मिशनच्या दवाखान्यात मोठं ऑपरेशन करावं लागलं. त्यानंतर तो विषय दोघांनीही काढला नाही. ती बरी झाल्यावर बाजारात श्रीमंत नावाच्या शिंपी मास्तरांच्या दुकानी बसू लागली. मास्तरांकडे पलटणीच्या गणवेशांचं कंत्राट असे. दुकानाच्या मागच्या ओट्यावर छबूबाई आणि भीमाबाई अशा दोघी समोरासमोर बसून खाकी सदऱ्यांना काज-बटणं करायच्या. छबूबाईचं काज बारीक आणि एकसारखं. भीमाबाईचं पटकन होणारं.

"छबे, अगं पलटन लढाईला जानार हाय, लग्नाला न्हाई," भीमाबाई म्हणायची. "गोळी लागायच्या आदी काज बगतंय कोन?"

"मी बगते की."

"तू बग. मी चार सदरे फुडं जाते."

सहादेव ६ जून १९७१ला, रविवारी गेला. चुलीवरून पातेलं उतरवताना खाली बसला तो उठलाच नाही. चाळीतली खोली छावणीची होती. नोकर गेला की कुटुंबानं वर्षभरात खोली सोडायची, असा नियम. साहेबांनी भलेपणानं ३१ जुलै १९७२पर्यंत मुदत वाढवून दिली. त्यापुढं मात्र नाही.

दिराचा, मच्छिंद्रचा, निरोप राहात्याहून दर महिन्याला येई. गोठ्याशेजारची खोली रिकामी आहे, वैनींनी यावं. निरोपात वाईट काही नव्हतं. पण मच्छिंद्रच्या बायकोचे गुडघे धरले होते, घरात सात माणसं आणि चार जनावरं होती, आणि दुष्काळामुळे पाणी मैलभरावरून आणावं लागे. ती खोली कशासाठी रिकामी होती हे छबूबाईला न सांगता कळत होतं. एकदा राहात्याला गेलं की पुन्हा भिंगारला येणं नाही, मास्तरांचा ओटा नाही, हातात स्वतःचा पैसा नाही.

अशात गहिनीनाथ तेली पुण्याला मुलाकडे जायला निघाला आणि त्यानं बाजारामागच्या आपल्या दोन खोल्या विकायला काढल्या. वर पत्रा, पुढं हातभर अंगण. किंमत दोन हजार. छबूबाईजवळ नऊशे रुपये होते. गहिनीनाथ म्हणाला, "बाई, तुम्हाला जुलैअखेरपर्यंत थांबतो. त्यापुढं थांबायला सांगू नका."

अकराशे रुपये मिळण्याची एकच जागा होती, ती म्हणजे छावणीच्या मुलकी कामगारांची पतपेढी. धोबी, माळी, स्वयंपाकी, शिंपी सगळे तिचे सभासद. काज-बटणं करणाऱ्या बायकांनाही दहा रुपयांच्या भागावर सभासद करून घेतलं होतं. छबूबाई आठ वर्षं सभासद होती, पण तिनं कधी कर्ज मागितलं नव्हतं. १७ एप्रिलला, सोमवारी, ती पहिल्यांदाच त्या कामासाठी पतपेढीच्या पायऱ्या चढली.

पतपेढीचे चिटणीस काकासाहेब सहादेवच्या ओळखीचे होते. त्यांनी अर्ज वाचला, मान हलवली आणि कपाटातून तांबड्या कापडात बांधलेली एक जाड वही काढली. पानं उलटता उलटता त्यांचा हात थांबला. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

"वहिनी, दार जरा लोटून घ्या."

छबूबाईनं दार लोटलं. तिला वाटलं, काहीतरी कागद कमी पडला असेल.

"सहादेवचं नाव हाय ह्या वहीत."

"कसल्या वहीत?"

"थकलेल्यांच्या. तीनशे रुपये घेतलेले. एकशे चौदा फेडले. एकशे शहाऐंशी राहिले. सदुसष्ट साली पतपेढीनं ते बुडीत म्हणून सोडून दिले."

छबूबाईनं आधी ऐकलंच नाही. म्हणजे शब्द कानावर पडले, पण ते दुसऱ्या कुणाबद्दल आहेत असं वाटलं. भिंगारात दुसरा सहादेव असेल. मेसमध्ये दुसरा गाडेकर असेल. काकासाहेबांनी वही तिच्याकडे फिरवली. छबूबाईला लिहिता-वाचता जेमतेम येत होतं, पण नवऱ्याची सही तिला ओळखता येत होती. 'स'ची शेपटी लांब ओढलेली, भाकरीच्या कडेसारखी वळलेली. ती त्याचीच होती.

"त्ये उधार घेत नव्हते," ती म्हणाली.

"घेतलं हुतं, वहिनी. मीच दिलंय."

मग त्यांनी हलक्या आवाजात सगळं सांगितलं. हप्ता मेसच्या पगारातून कापून येई. पासष्ट साली ती मेस बंद झाली आणि सहादेव आठ महिने बसून होता. पुढं दुसऱ्या मेसमध्ये लागला, पण तिथला हिशेब वेगळा. कापणारं कुणी नव्हतं, मागणारंही कुणी उरलं नाही. शेवटचा हप्ता १२ एप्रिल १९६५चा. ज्या घरातलं नाव या वहीत, त्या घराला कर्ज नाही, असा पतपेढीचा नियम. पण नियमाला दुसरी बाजूही होती.

"दर तीस जूनला आमचं वर्ष संपतं," काकासाहेब म्हणाले. "एक जुलैला मी ही वही नव्यानं उतरून काढतो. ज्या खात्यावर सात वर्षांत नोंद झालेली न्हाई, ते नाव फुडच्या वहीत घ्यायचं न्हाई. सहादेवची सात वर्षं भरलीत. तुमी जुलैच्या पहिल्या आठवड्यात या. वही कोरी असंल, अर्ज मंजूर. तवर एकच करा."

"काय?"

"काय बी करू नका. गप बसा."

गप बसणं छबूबाईला जमण्यासारखं होतं. ती घरी आली, चूल पेटवली, आणि तवा तापत असताना तिला आठवलं की तिनं एक गोष्ट विचारलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानी जायच्या आधी परत पतपेढीत गेली.

"काकासाहेब, त्यांनी पैसे उचलले ती तारीख काय हो?"

काकासाहेबांनी बघून सांगितलं, "नऊ सप्टेंबर त्रेसष्ट."

तिचं ऑपरेशन अकरा तारखेला झालं होतं. टाके निघाल्यावर तिनं सहादेवला विचारलं होतं, एवढा खर्च कुणी केला? तो म्हणाला होता, "साहेबांनी चिठ्ठी दिली. फुकट झालं." त्या साहेबांना ती नऊ वर्षं मनातल्या मनात हात जोडत आली होती.

ती दुकानी गेली नाही. पहिल्यांदाच नागा झाला. संध्याकाळी भीमाबाई चौकशीला आली तेव्हा छबूबाई भिंतीला टेकून बसलेली होती आणि पाणी भरायची घागर तशीच रिकामी होती. तिनं भीमाबाईला सगळं सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नव्हतंच.

भीमाबाईनं आधी रिकामी घागर उचलून दाराशी ठेवली.  मग म्हणाली, "तीनशे रुपयं! आमच्या मालकानं माज्यावर तीन आनं न्हाई खर्चले. बरं झालं, सोडून दिलं ना पतपेढीनं? मग रडतीस कशाला? जूनपत्तूर त्वांड शिव."

छबूबाईनं तोंड शिवलं. एप्रिल गेला, मे गेला. त्या वर्षी अधिक महिना आला होता, म्हणून सहादेवचं वर्षश्राद्ध महिनाभर पुढं गेलं आणि २४ जूनला, शनिवारी आलं. अधिक आला नसता तर सगळंच निराळं झालं असतं, असं छबूबाई पुढं कितीदा तरी म्हणाली.

गाडेकरांच्या भावकीत एक रीत होती. वर्षश्राद्धाची पानं उठली की भावकीतल्या पुरुषानं उंबऱ्यात उभं राहून बाहेरच्या मंडळींना तीनदा विचारायचं, मयताकडं कुणाचं काही येणं आहे का? कुणी बोललं तर घरच्यांनी तिथल्या तिथं वायदा द्यायचा. कुणी बोललं नाही तर बायकोनं, नाहीतर मुलानं, तांब्याभर पाणी उंबऱ्याबाहेर ओतायचं आणि म्हणायचं, मोकळे झाले. ते पाणी पडल्याखेरीज कुणी घरी जात नसे.

मच्छिंद्र राहात्याहून आला होता. तो उंबऱ्यात उभा राहिला. अंगणात मेसचे लोक, श्रीमंत मास्तर, चाळीतल्या बायका अशी पंधरावीस माणसं होती.

"सहादेव रखमाजी गाडेकराकडं कुनाचं कायी येनं हाय का?"

कुणी बोललं नाही. मागून वाणी म्हणाला, "त्याच्याकडं कुणाचं येणं? तोच आधी पैसे ठेवायचा." माणसं हसली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

मच्छिंद्रनं दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. मग वळून म्हणाला, "वैनी, पानी."

छबूबाईनं तांब्या उचलला. समोर भीमाबाई होती. तिनं डोळ्यांनीच सांगितलं, ओत. छबूबाईनं पाणी ओतलं आणि ओठातल्या ओठात म्हणाली, "मोकळे झाले." तांब्या खाली ठेवताना तिच्या हातून तो कलंडला आणि घरंगळत थेट मास्तरांच्या पायाशी गेला.

जाताना मच्छिंद्र म्हणाला, "जुलैच्या एकतीस तारखेला गाडी घिऊन येतो, वैनी. सामान बांधून ठेवा. ही म्हनत हुती, तुमी आल्या की तिला जरा पाय पसराया मिळंल."

शनिवारची रात्र आणि अख्खा रविवार छबूबाईच्या घशाखाली घास गेला नाही. ती पाण्यावर खोटं बोलली होती. तेही कुणासाठी, तर ज्यानं तिच्या जिवासाठी आयुष्यात एकदाच वहीत नाव लावून घेतलं त्याच्यासाठी. नियम, सात वर्षं, कोरी वही हे सगळं तिच्या डोक्यातून गेलं. राहिलं एवढंच की एकशे शहाऐंशी रुपये द्यायचे आहेत आणि ते डब्यात आहेत. दिल्यावर नाव अधिकच मोकळं होईल, याबद्दल तिला तिळभर शंका आली नाही. देणं दिल्यावर माणसाचं नाव खराब होतं, असं तिच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलेलं नव्हतं.

सोमवारी, २६ तारखेला, ती पतपेढी उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसली. काकासाहेब वर्षअखेरच्या हिशेबतपासणीच्या कामासाठी तेवढ्या आठवड्यापुरते नगरला गेले होते. हिशेबनीस गोरक्षनाथ आला. सहा महिन्यांपूर्वीच लागलेला, तिशीतला, मनमिळाऊ माणूस. त्याला काही ठाऊक नव्हतं. बुडीत खात्यावर पैसे भरायला आलेलं माणूस त्यानं पाहिलंच नव्हतं.

"भरताय?" तो म्हणाला. "सगळे? बाई, अहो हे सोडून दिलेले आहेत."

"ठावं हाय. घ्या."

गोरक्षनाथनं चहा मागवला. नोटा दोनदा मोजल्या. मग एका छापील कागदावर तिची सही घेतली, की मी मयताची वारस असून हे देणं मान्य करून भरीत आहे. तांबडी वही काढली आणि सहादेवच्या नावापुढं लाल शाईनं ठळक तारीख घातली. पावती फाडून दोन्ही हातांनी तिला दिली.

"आता त्यांचं नाव मोकळं?" छबूबाईनं विचारलं.

"मोकळं? अहो, आरशासारखं झालं!"

तो मनापासून म्हणाला होता. छबूबाई घरी गेली, आधी उंबऱ्याबाहेर तांब्याभर पाणी ओतलं आणि मग दोन दिवसांच्या भाकरी एकदम खाल्ल्या.

३ जुलैला, सोमवारी, ती नव्या अर्जासह काकासाहेबांपुढं उभी राहिली. आता अकराशेऐवजी तेराशे लागणार होते, पण पतपेढी पंधराशेपर्यंत देत असे. तिनं पावती टेबलावर ठेवली. तिला वाटलं होतं, काकासाहेबांना बरं वाटेल.

काकासाहेबांनी पावती वाचली. तारीख वाचली. खुर्चीवरून अर्धवट उठले आणि तसेच परत बसले.

"हे कुनी करायला सांगितलं तुमाला?"

"कुनी न्हाई."

"मी काय सांगितलं हुतं? काय सांगितलं हुतं मी?" त्यांचा आवाज एवढा चढला की बाहेर रांगेतला धोबी डोकावला. "चार दिवस, वहिनी! चार दिवस राहिले हुते!"

त्यांनी नवी वही उघडली. पानं अजून करकरीत होती. त्यांनी स्वतः शनिवारी उतरून काढलेली, घाईनं, जुन्या वहीतल्या तारखा बघत. ज्यांची तारीख सात वर्षांच्या आतली, ते नाव घ्यायचं. हात यंत्रासारखा चालला होता. तिसऱ्या पानावर सहादेव रखमाजी गाडेकर. शेवटची नोंद २६ जून १९७२. आणि त्याच्याखाली, वारस म्हणून, छबूबाई सहादेव गाडेकर. शेरा: उशिरा वसूल. मुदत: ३० जून १९७९.

"माजं बी?" छबूबाई म्हणाली.

"तुमी सही केली ना वारस म्हनून."

"पन पैसे दिले म्या! सगळे दिले!"

"दिले, म्हनूनच नोंद झाली. नोंद झाली की तारीख बदलली. तारीख बदलली की सात वर्षं पयल्यापासनं." काकासाहेबांनी कपाळ दाबून धरलं. "वहिनी, ही देन्याची वही न्हाई. ही उशिराची वही हाय. कुनाचं किती राहिलं ते हितं कुनी बगत न्हाई. कोन कवा थकलं एवढंच बगत्यात."

"म्हंजी न देता गप बसले असते तर नाव गेलं असतं?"

"व्हय."

"आन् दिलं म्हनून आलं?"

 दारात गोरक्षनाथ उभा होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "मला वाटलं..." तो म्हणाला.

छबूबाई बाकावर बसली. तिला राग येत नव्हता, रडूही येत नव्हतं. ती त्या पानाकडे बघत होती. काकासाहेबांचं अक्षर सुरेख होतं. तिचं नाव आयुष्यात एवढ्या चांगल्या अक्षरात कुणी लिहिलं नव्हतं.

काकासाहेबांनी गोरक्षनाथला बाहेर पाठवलं आणि दार लोटलं.

"ऐका. तपासनीस शनिवारी येनार. त्याची सही होईतो ही वही माझ्या हातातली हाय. तुमी पावती मला परत द्या. मी पैसे परत देतो, चुकून दुसऱ्या खात्यावर घेतले म्हनतो. हे पान फाडून नवं लिहितो. सहादेवचं नाव न्हाई, तुमचं न्हाई. सोमवारी कर्ज."

"आन् त्यांचं देनं?"

"ते राहील. पन दिसनार न्हाई."

छबूबाईनं विचार केला. "बरं. आदी घर घेते. मग दोन वर्सांनी साठवून भरीन. चालंल?"

"कुठं भरनार?" काकासाहेब म्हणाले. "वहीतनं नाव गेलं की खातं गेलं. खातं न्हाई तर मी जमा कशावर करू? मग तुमी पोतं भरून पैसे आनले तरी पतपेढीला घेता यायचे न्हाईत."

हे ऐकून मात्र ती उभी राहिली. नाव वहीत आहे तोवर देणं देता येतं, पण दिलं की सात वर्षं ठपका. नाव गेलं की ठपका नाही, पण मग ते देणं जन्मात कुणी घेणार नाही. असं काही जगात असतं, आणि शिकलेली माणसं टेबलावर बसून ते चालवतात, हे तिच्या डोक्यात मावेना.

"शनिवारपत्तूर सांगा," काकासाहेब म्हणाले.

ओट्यावर भीमाबाई वाटच बघत होती. तिनं सगळं ऐकलं आणि सुईच फेकली. "घे की मग पैसं माघारी! इचार कसला करतीस? मेलेला मानूस काय पावत्या बगाय येतोय?"

"पानी ओतलंय, भीमे. दोनदा."

"मग तिसऱ्यांदा नगं ओतू. नळाला तसं बी न्हाई."

"तुला चेष्टा सुचती."

"चेष्टा कसली? घर जाईल तुजं! दिराच्या गोठ्यात शेन काढशील जलमभर. सोन्यासारखी काजं करनारे हात हैत तुजे." भीमाबाईचा आवाज फुटला. ते पाहून छबूबाई दचकली. आठ वर्षांत तिनं भीमाबाईला रडताना पाहिलं नव्हतं. सासू गेली तेव्हासुद्धा ती म्हणाली होती, आता भाकरी चार कमी.

मंगळवार, बुधवार, गुरुवार दोघी समोरासमोर बसून काजं करत राहिल्या आणि एकमेकींशी बोलल्या नाहीत. गुरुवारी छबूबाई गहिनीनाथकडे जाऊन दोन्ही खोल्यांतून एकदा फिरून आली. मागच्या खोलीत उन्हाची तिरीप येत होती. तिनं गहिनीनाथला विचारलं, सातशेत एक खोली देता का? तो म्हणाला, "अर्धं घर कोण घेतं का, बाई?" तो वाईट माणूस नव्हता. त्याला पुण्याला जायचं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी तिनं पतपेढीत जाऊन काकासाहेबांना सांगितलं, "पावती मी देत न्हाई. नाव राहू द्या."

काकासाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वहिनी, सात वर्षं!"

"मोजता येत्यात मला."

ती परत येईतो अंधारलं होतं. चाळीच्या पायरीवर भीमाबाई बसलेली. छबूबाईला वाटलं, आता शिव्या ऐकायच्या.

"न्हाई म्हनून आलीस?"

"व्हय."

"वाटलंच मला." भीमाबाई उठली, लुगडं झटकलं. "माजं नाव हाय का गं त्या तांबड्या वहीत?"

"तुजं कशाला असंल? तू कवा कर्ज काढलंस?"

"मग तेराशे मला देतील का न्हाई?"

छबूबाईला कळेना. "तुला कशाला?"

"मला दोन खोल्या घ्यायच्या हैत. बाजारामागं. तेल्याच्या." भीमाबाई तिच्याकडे न बघता बोलत होती. "मालकाला इचारलं. ते म्हनले, तुजं डोकं फिरलंय. मी म्हनलं, त्ये लगीन केलं तवाच फिरलं. तुजे सातशे, पतपेढीचे तेराशे. राहनार तू. हप्ता भरनार तू."

छबूबाई पायरीवर बसली. तेराशे रुपये भीमाबाईनं एका जागी कधी पाहिलेसुद्धा नव्हते. तिला पाच पोरं होती. एक हप्ता चुकला की त्याच वहीत, त्याच सुरेख अक्षरात, तिचं नाव.

"भीमे, मी थकले तर? हात मोडला, मेले तर?"

"मग घर माजं. माज्याच नावावर असनार हाय की. लई शानी समजू नगंस सोताला."

"आन् तू मला उद्या भायेर काडलंस तर?"

हे तोंडातून गेलं आणि छबूबाईनं जीभ चावली. भीमाबाईनं मात्र मान डोलावली. "हां. ते बी हाय. सात वर्सं तुजं घर माज्या नावावर आन् माजं नाव तुज्या हातात. बग जमतंय का."

"का करतीस तू ह्ये?"

"का म्हंजी? जी बाई सोडून दिल्यालं देनं, मेलेल्या नवऱ्याचं, घर घालवून भरती, ती माजं बुडवनार हाय व्हय? असलं गिऱ्हाईक पतपेढीला मिळत न्हाई. त्यास्नी कळत न्हाई तर मी काय करू?"

 भीमाबाई तरातरा चालू लागली आणि कोपऱ्यावरून ओरडली, "सोमवारी लवकर ये! उशीर केलास तर तितंच लिवून घेतील!"

सोमवारी दोघी काकासाहेबांपुढं उभ्या राहिल्या. त्यांना सगळं समजायला वेळ लागला. समजल्यावर त्यांनी भीमाबाईला तीनदा बजावलं की कर्ज तिच्या एकटीच्या नावावर राहील, दुसरीच्या भरवशाला कागदात जागा नाही. भीमाबाई तीनदा "बरं" म्हणाली. चौथ्यांदा सांगायला लागले तेव्हा म्हणाली, "सायेब, तुमच्यापरीस आमचे मालक बरे. त्ये एकदाच वरडले." काकासाहेबांनी आधी तिच्याकडे, मग छबूबाईकडे पाहिलं. या पतपेढीत ते एकवीस वर्षं होते. त्यांनी टाक शाईत बुडवून अर्जावर सही केली. सहीवर शाईचा ठिपका पडला. गोरक्षनाथनं न सांगता पुढं होऊन तो टिपून घेतला.

खरेदीखत नगरच्या कचेरीत २७ जुलैला झालं. लिहून घेणार, म्हणजे खरेदीदार, भीमाबाई. कारकुनानं विचारलं, "ह्या दुसऱ्या बाई कोण?" भीमाबाई म्हणाली, "भाडेकरू." तिनं अंगठा उठवला आणि बाहेर आल्यावर शाई छबूबाईच्या पदराला पुसली.

"अगं, नवं लुगडं!" छबूबाई ओरडली.

"मग? घरमालकीन हाय मी. भाडं किती लावू तुला?"

छबूबाईला हसायचं होतं. पण गहिनीनाथनं दिलेली किल्ली तिच्या मुठीत होती. मूठ उघडली तर हे सगळं खरं नाही असं निघेल, या भीतीनं तिनं ती भिंगारपर्यंत उघडली नाही. एकतीस तारखेला मच्छिंद्र बैलगाडी घेऊन आला तेव्हा चाळीतली खोली रिकामी होती. शेजारणीनं त्याला बाजारामागचा पत्ता सांगितला. तो दारात येऊन उभा राहिला, आत सदऱ्यांचा ढीग पाहिला, दोन बायका पाहिल्या.

"हे घर कुनाचं, वैनी?" त्यानं विचारलं.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"बसा, भावजी," छबूबाई म्हणाली. "सांगायला येळ लागंल."